गाडी विजेवर आली, किल्ली कुणाकडे?



महाराष्ट्रातल्या काही महापालिका-नगरपालिकांनी गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या घंटागाड्या घेतल्या आहेत. आणखी काही ठिकाणी तसे ठराव झाले आहेत. नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवला जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. बातमीत गाडीची किंमत असते. एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते तेही असते. ती गाडी कोण चालवणार, तिच्यामागे कोण चालणार आणि कालपर्यंत जिचे पोट ढकलगाडीवर होते तिचे पुढे काय होणार, हे मात्र बातमीत नसते.

आपल्या चळवळीतही हा विषय ‘पर्यावरणवाल्यांचा’ म्हणून बाजूला राहिला आहे. हिंसाचार, हुंडा, मालमत्तेतला वाटा, आरक्षण यांवर आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र कोणाच्या हाती पडते हाही स्त्रीप्रश्नच आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतल्यापासून गेली दहा-अकरा वर्षे मी कचरा वेचणाऱ्या आणि सफाईचे काम करणाऱ्या बायकांबरोबर काम करते आहे. त्या अनुभवावरून मला स्पष्ट दिसते ते असे: आजवर आलेल्या गाड्यांपैकी चालवायला सर्वांत सोपी गाडी आता नेमकी अशा धंद्यात येते आहे, जिथले सर्वांत जड काम बायका करतात. अशा वेळीही किल्ली जर कंत्राटदाराच्या खिशात आणि त्याच्या ड्रायव्हरच्या हातात जाणार असेल, तर त्याचा दोष तंत्रज्ञानाला देता येणार नाही. तो माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि तो बदलायला लावणे आपल्या हातात आहे.

वीज हवीच

आधी एक गैरसमज दूर करते. मी विजेच्या गाडीच्या विरोधात लिहीत नाही. उलट, शहरात वीज कुठल्या वाहनांना आधी द्यायची असा प्रश्न आला तर बड्यांच्या मोटारींच्या आधी कचऱ्याच्या गाडीचा नंबर लागला पाहिजे.

त्याचे कारण साधे आहे. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, वीस पावले पुढे जाते, पुन्हा थांबते. सकाळभर हेच. अशा थांबत थांबत चालण्यात डिझेल इंजिन सर्वांत जास्त तेल खाते आणि सर्वांत जास्त धूर ओकते. गाडी उभी असली तरी इंजिन धडधडतच असते. मोठ्या कॉम्पॅक्टरमध्ये तर कचरा दाबायलाही तेच इंजिन चालू ठेवावे लागते. विजेची मोटर गाडी थांबली की थांबते. ब्रेक लावला की थोडी शक्ती परत बॅटरीत जाते. गाडीचा मार्ग रोज तोच, पल्ला बेताचा, आणि संध्याकाळी ती ठरलेल्या आवारातच परत येते. म्हणजे रात्री चार्जिंगला लावण्याची अडचण नाही. यात नवेही काही नाही. ब्रिटनमध्ये घरोघर दूध पोचवणाऱ्या बॅटरीच्या गाड्या विसाव्या शतकात कित्येक दशके रस्त्यावर होत्या, त्या याच कारणाने: सावकाश चालायचे, दारोदार थांबायचे, रोज एकाच ठिकाणी परतायचे.

दुसरे कारण धुराचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो असा स्पष्ट निर्वाळा दिला. हा धूर कोण घेते? ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये असतो. मागे उभी असते ती बाई. तिचे तोंड सायलेन्सरच्या उंचीवर येते, कारण ती वाकून बादली उचलत असते. ‘शहराची हवा’ हा तुमच्याआमच्यासाठी आकड्यांचा विषय असेल. तिच्यासाठी तो रोजच्या खोकल्याचा विषय आहे.

धूर नाहीसा होतो असे मात्र कोणी सांगू नये. महाराष्ट्रातली बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. चंद्रपूर, कोराडी येथल्या धुराड्यांखाली राहणाऱ्या बायकांच्या वाट्याला राख येतेच आहे. म्हणून शहरातल्या गाड्या विजेवर आणा ही मागणी करताना ती वीज कोणाच्या फुप्फुसांवर तयार होते हा प्रश्नही आपण सोडता कामा नये. शहरातली बाई आणि कोराडीची बाई यांच्यात भांडण लावण्याचा डाव आपल्याला नको.

बसलेला आणि चालणारी

आता गाडीवरच्या श्रमविभागणीकडे पाहू. पुरुष गाडी चालवतो, बाई कचरा उचलते. निविदेच्या कागदात पहिल्याला ‘चालक’ आणि दुसरीला ‘मदतनीस’ म्हणतात. पहिला कुशल किंवा अर्धकुशल, दुसरी अकुशल. मजुरी त्यानुसार. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्यात आले, पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही ते घेतले गेले. पण कामाची नावेच वेगळी केली की समानता कशाशी तोलणार?

कौशल्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. ओला, सुका, सॅनिटरी कचरा एका नजरेत ओळखणे, काचेने हात न कापता पिशवी सोडणे, प्लॅस्टिकच्या अनेक जाती हाताला कळणे, कुठल्या घरी कोण आजारी आहे हे कचऱ्यावरून ताडून हातमोजे घालणे, चार मजले चढून उतरणे आणि वर शिव्या ऐकूनही पुढच्या दारावर हसून हाक देणे. हे अकुशल! आणि विजेच्या गाडीत ना क्लच, ना गिअर. एक पायाचा ब्रेक, एक वेग, एक हँडल किंवा स्टिअरिंग. ते कुशल! गिअरच्या जुन्या टेंपोच्या वेळी निदान ‘जड गाडी आहे, सराव लागतो’ असे म्हणण्याला जागा होती. आता गाडीतून गिअर गेला, पण निविदेतली वर्गवारी जागच्या जागी आहे.

आमच्या भागातल्या एका मावशींनी नवी गाडी पाहिल्यावर मला विचारले, “ताई, गाडी तर झ्याक हाय. पण मी बसू कुटं?” खरोखरच तिथे एकच आसन होते. दोन माणसांच्या कामासाठी घेतलेल्या गाडीत एकाच माणसाच्या बसण्याची सोय होती. दुसरी मागच्या फळीवर लोंबकळणार किंवा गाडीमागे चालणार, हे खरेदीच्या कागदातच गृहीत धरले होते.

आणि यात जात आहे. हे काम करणाऱ्या बायका बहुतांश दलित समाजातल्या आहेत. घाणीशी नाते जातीने लावून दिलेले, आणि त्या कामात यंत्र आले, आसन आले, गणवेश आला की ते काम अचानक ‘वाहतूक व्यवसाय’ होते. मग त्यात शिरायला इतर जातींचे पुरुषही तयार असतात. हाताला घाण लागणारा भाग तेवढा तिच्याकडे उरतो.

यंत्र आले की बाई जाते

हा प्रकार आपण पहिल्यांदा पाहतो आहोत असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायकांची मोठी संख्या होती. नवी यंत्रे आली, पाळ्या बदलल्या, रात्रपाळीला बायकांना बंदी झाली, आणि ‘संरक्षणा’च्या नावाखाली गिरणीतून बाई जवळजवळ हद्दपार झाली. शेतात मळणी यंत्र आले तेव्हा ते चालवायला पुरुष उभा राहिला. पेंढ्या वाहून आणायला आणि भुसा झाडायला बाई राहिली. मोटरपंप आला, ट्रॅक्टर आला, फवारणी यंत्र आले. प्रत्येक वेळी हेच. यंत्र श्रम वाचवते हे खरे, पण कोणाचे वाचवते आणि कोणाची मजुरी खाते हे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते.

कचऱ्याच्या क्षेत्रात तर पुण्याच्या बायकांनी हा धोका तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच ओळखला होता. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करत होत्या. घरोघरी वर्गीकरण केलेला सुका कचरा बायकांना मिळावा अशी व्यवस्था काही बायकांसाठी सुरू झाली. थोड्याच दिवसांत एका खाजगी व्यावसायिकाने वाहन लावून दारातून कचरा नेण्याचा घाट घातला. त्या वाहनात आपला घास जाणार हे बायकांनी ओळखले आणि त्या विरोधात उभ्या राहिल्या. पुढे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००७ मध्ये बायकांच्या स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली. २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला आणि बायका हक्काने दारोदार कचरा गोळा करू लागल्या. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की या संघटनेच्या जन्मापाशीच एक गाडी उभी होती. तेव्हा प्रश्न डिझेल की वीज असा नव्हता. गाडी कोणाची, हा होता. आजही तोच आहे.

मुंबईत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. कचऱ्याच्या गाड्यांवर वर्षानुवर्षे कंत्राटी म्हणून राबणाऱ्या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत लढा दिला. कंत्राट हा केवळ देखावा आहे, खरी मालक महापालिकाच आहे, हे त्यांनी औद्योगिक न्यायाधिकरणात २०१४ मध्ये सिद्ध केले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही २,७०० कामगारांना कायम करण्याच्या बाजूने कौल दिला. गाडी कंत्राटदाराची, कचरा शहराचा आणि कामगार कोणाचाच नाही, ही पळवाट न्यायालयात टिकली नाही. विजेच्या गाड्यांची कंत्राटे निघताना तीच पळवाट पुन्हा उघडली जाते आहे. गाडी नवी, म्हणून कंत्राट नवे. कंत्राट नवे, म्हणून जुन्या बाया नकोत.

तीन सबबी

बायकांच्या हाती गाडी द्या म्हटले की तीन उत्तरे ठरलेली असतात.

पहिली सबब परवान्याची. “या बाया शिकलेल्या नाहीत, त्यांना लायसन्स कुठून मिळणार?” व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी आठवी पास असण्याची अट होती, हे खरे. पण ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्येच काढून टाकली. त्याआधी २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना असल्याशिवाय व्यावसायिक परवान्यासाठी शिकता येत नाही, ही अट ई-रिक्षा आणि ई-कार्ट या सावकाश चालणाऱ्या तीनचाकींपुरती तेव्हा उठली. २०१८ मध्ये विजेवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिट घेण्यातून सूट मिळाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही चालवता येते. आपण ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतो तो टेंपो यात सहज बसतो. म्हणजे कायद्याने एकेक करून दारे उघडली आहेत. ती बंद असल्याचे सांगणाऱ्याने एक तर कायदा वाचलेला नाही, नाही तर वाचूनही तो सांगायचा नाही. उरतो तो खरा अडथळा: प्रशिक्षण वर्गाची फी, आर.टी.ओ.च्या फेऱ्या, बुडणारी रोजी. तो पालिकेने ठरवले तर एका महिन्यात दूर होईल.

दुसरी सबब, “बायकांनाच नको असते, त्या घाबरतात.” यावर काठमांडूकडे बोट दाखवावे. १९९० च्या दशकात तिथे ‘सफा टेंपो’ नावाच्या बॅटरीवरच्या तीनचाकी प्रवासी गाड्या सुरू झाल्या. १९९९ मध्ये डिझेलच्या विक्रम टेंपोंना काठमांडू खोऱ्यात बंदी झाली आणि सफा टेंपो शहरभर दिसू लागले. त्यांतले कितीतरी बायका चालवू लागल्या. गावाकडून आलेल्या, एकट्या मुले वाढवणाऱ्या बायकाही त्यांत होत्या. डोंगराळ शहर, गर्दीचे रस्ते, जड शिशाच्या बॅटऱ्या, तरी चालवले. कोणाचे धैर्य जन्मजात नव्हते. गाडी हाती आली, शिकवायला कोणी मिळाले, रोजचे पैसे हातात पडू लागले, तशी भीती गेली. आमच्या वस्तीतली जी बाई पहाटे साडेचारला कुत्र्यांच्या टोळीतून वाट काढत एकटी उकिरड्यावर जाते, तिला पंचवीस किलोमीटर वेगाच्या गाडीची भीती वाटते असे सांगणाऱ्याला मी काय म्हणावे?

काठमांडूची गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. ज्यांचे विक्रम बंद झाले त्या मालकांना पुढे मायक्रोबस आणायला सवलती मिळाल्या. सफा टेंपोवाल्यांना स्पर्धा आणि बॅटरी बदलण्याचा खर्च या दोन्हींना स्वतःच्या बळावर तोंड द्यावे लागले. बायका गाडी चालवतात हे कौतुकाने सांगणारे पुष्कळ होते. त्यांच्या बॅटरीचे पैसे कोण देणार हे विचारणारे थोडे. यातून आपण घ्यायचा धडा पुढच्या मुद्द्याशी जोडलेला आहे.

तिसरी सबब पैशाची. “निधी कुठून आणायचा?” निधी आहे. केंद्राची पी.एम. ई-ड्राइव्ह योजना २०२४ मध्ये १०,९०० कोटी रुपयांची जाहीर झाली. त्यात विजेवरच्या तीनचाकी गाड्या आणि ई-कार्ट धरल्या होत्या, आणि ट्रकसाठी ५०० कोटी वेगळे ठेवले होते. राज्याने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले. पैसा जनतेचाच आहे आणि तो वाहतोही आहे. प्रश्न आहे तो कुठल्या पाटाने आणि कोणाच्या शेतात, याचा.

कर्ज तिला, कंत्राट त्याला

याच राज्यात २०२४ मध्ये ‘पिंक ई-रिक्षा’ योजना आली. सतरा शहरांतल्या दहा हजार बायकांना विजेवरची रिक्षा. किमतीच्या २० टक्के सरकार देणार, १० टक्के बाईने घालायचे आणि ७० टक्के बँकेचे कर्ज. बायका रिक्षा चालवणार याचा मला आनंदच आहे. पण हिशेब पाहा. प्रवासी मिळोत न मिळोत, हप्ता तिच्या डोक्यावर. स्टँडवर पुरुष रिक्षावाले उभे राहू देवोत न देवोत, हप्ता तिच्या डोक्यावर. बॅटरी दमली तर तिने पाहावे.

याच्या शेजारी कचऱ्याच्या गाडीचा हिशेब ठेवा. इथे गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. कचरा रोज निघतो, उत्पन्न ठरलेले आहे, पैसे देणारी महापालिका आहे. वाहन व्यवसायात याहून निर्धोक काम सापडणे कठीण. ते मात्र कंत्राटदाराला, तेही वर्षानुवर्षांच्या करारावर! म्हणजे जोखमीचा धंदा बाईला स्वावलंबन म्हणून द्यायचा, गुलाबी रंग लावून; आणि खात्रीचा धंदा पुरुषांच्या कंपन्यांना कार्यक्षमता म्हणून. गुलाबी रंगाने फसू नका, बायांनो. रंग बघण्याआधी करारनामा बघा.

विजेच्या गाडीचे अर्थशास्त्रही इथे समजून घ्यायला हवे. ती घ्यायला महाग आणि चालवायला स्वस्त. खरेदीच्या वेळी अनुदान सार्वजनिक तिजोरीतून येते. पुढे रोजची डिझेलची बचत गाडी ज्याची त्याच्या खिशात जाते. गाडी कंत्राटदाराची असेल तर अनुदान आपले आणि बचत त्याची. गाडी पालिकेच्या किंवा बायकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असेल तर तीच बचत मजुरीत, विम्यात, बॅटरीच्या राखीव निधीत जाऊ शकते. म्हणून ‘बाई ड्रायव्हर नेमा’ एवढीच मागणी पुरेशी नाही. कंत्राटदाराने चार बायका चाकामागे बसवून फोटो काढला की ती मागणी पूर्ण होते आणि काहीच बदलत नाही.

गाडी कशी असावी हे कोण ठरवते?

गाडीची रचनाही तटस्थ नसते. कॉम्पॅक्टर सगळा कचरा दाबून एकजीव करतो. तो विजेवर चालला तरी त्यात गेलेला पुठ्ठा भिजतो, बाटली चेपून खरकट्यात मिसळते, आणि भंगार विकून मिळणारे बाईचे उत्पन्न त्या गाडीबरोबर डेपोत पुरले जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेत सामावून घ्या असे स्थानिक संस्थांना सांगितले. पण वेचायला काही शिल्लकच राहणार नाही अशी गाडी विकत घेतली, तर सामावून घेणार कशात?

बायकांना विचारून गाडी केली असती तर ती कशी झाली असती? आमच्या बैठकीत मी हा प्रश्न टाकला तेव्हा अर्ध्या तासात यादी तयार झाली. भरण्याची कड कमरेच्या उंचीला हवी, डोक्याच्या नको. ओले, सुके, सॅनिटरी असे वेगळे कप्पे हवेत. दोघींना बसायला जागा हवी. बोळात वळेल इतकी अरुंद हवी. पावसात झाकण हवे. हात धुवायला पाण्याची टाकी हवी. सॅनिटरी कप्प्याचा आग्रह सर्वांचाच होता. पुण्यात ‘स्वच्छ’च्या बायकांनी वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असे शहराला सांगितले. आपल्या घरातल्या रक्ताचे पॅड दुसऱ्या बाईने उघड्या हाताने वेगळे करायचे, ही आपल्या सगळ्यांच्या घरातली गोष्ट आहे. गाडीत त्याला कप्पा नसेल तर तो ठिपका गाडीपाशी येऊन पुसला जातो.

जुन्या बॅटऱ्यांचे काय, हाही तिचाच प्रश्न. आजची बॅटरी उद्याचा कचरा. शिशाची बॅटरी वस्तीत फोडली जाते तेव्हा ते शिसे मुलांच्या रक्तात जाते. लिथियमचे सेल कचऱ्यात दाबले गेले तर पेट घेतात. बॅटरी उत्पादकाने परत घ्यावी असे २०२२ चे नियम सांगतात. ते गाडीच्या करारात लिहून घेतले पाहिजे, नाही तर हिरव्या गाडीची काळी बाजू पुन्हा तिच्याच हाताला लागणार.

गाडीला शेड, बाईला आडोसा नाही

एक चार्जिंगचे आवार मी पाहिले. गाड्यांवर पत्र्याची शेड, प्रत्येकीला क्रमांक दिलेला पॉइंट, दिवे, कॅमेरा, रात्रीचा पहारेकरी. बॅटरी तापू नये म्हणून सावली. त्याच आवारात सकाळी साडेपाचला हजेरी लावणाऱ्या बायकांसाठी संडास नव्हता, प्यायचे पाणी नव्हते, कपडे बदलायला आडोसा नव्हता. पाळीच्या दिवसांत त्या शेजारच्या वस्तीतल्या ओळखीच्या घरी जात होत्या. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “हा प्रकल्प वाहनांचा आहे, कर्मचारी सुविधांचे हेड वेगळे.” यंत्राला विश्रांती लागते हे ज्या कागदाला समजते त्याला बाईच्या शरीराला काय लागते ते समजत नाही, असे कसे मानायचे? समजते. लिहायचे नसते.

फक्त कचऱ्यापुरते नाही

हा विषय घंटागाडीपाशी थांबत नाही. पहाटे मार्केट यार्डातून माल उचलणारी भाजीवाली टेंपोच्या भाड्यात नफा घालवते. मुंबईत बंदरावरून पाट्या घेऊन निघणाऱ्या कोळणी वर्गणी काढून टेंपो करतात. बचतगटाचे डबे, पापड, दूध पोचवायला दुसऱ्याची गाडी आणि दुसऱ्याची मर्जी लागते. शहरातली जवळ पल्ल्याची मालवाहतूक आता विजेवर जाणार हे उघड आहे. पाच-सहा जणींच्या गटाला मिळून एक तीनचाकी मालगाडी मिळाली तर भाड्याचा तो पैसा घरात राहील. आता मागितले नाही तर दहा वर्षांनी या गाड्यांचेही मालक, संघटना आणि स्टँड ठरून गेलेले असतील, आणि आपण पुन्हा ‘महिलांचा सहभाग कमी का’ यावर परिसंवाद घेत बसू.

आपण काय मागायचे

एक: घरोघरच्या कचऱ्याच्या विजेवरील गाड्या आधी हे काम करणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थांना किंवा गटांना मिळाव्यात. संस्था नसेल तिथे मालकी पालिकेची राहावी, कंत्राटदाराची नको.

दोन: आजवर ढकलगाडीवर किंवा डोक्यावर कचरा वाहणाऱ्या एकाही बाईला नव्या गाडीमुळे काम गमवावे लागू नये, ही अट निविदेतच असावी.

तीन: परवाना, प्रशिक्षण आणि त्या काळातली बुडालेली रोजी यांचा खर्च प्रकल्पाच्या रकमेतून व्हावा.

चार: चालक-मदतनीस ही कायमची उतरंड मोडावी. दोघी शिकलेल्या असाव्यात, पाळीपाळीने चालवाव्यात आणि मजुरी एकच असावी.

पाच: बॅटरी बदलण्यासाठी राखीव निधी आणि जुनी बॅटरी परत घेण्याची उत्पादकावर जबाबदारी करारात लिहावी.

सहा: चार्जिंगच्या प्रत्येक आवारात संडास, पाणी आणि बसायला खोली असल्याशिवाय गाड्यांना परवानगी देऊ नये.

सात: गाडी निवडण्याआधी नमुना गाडी बायकांना चालवून, भरून पाहू द्यावी आणि त्यांचे म्हणणे लेखी नोंदवावे.

यासाठी प्रत्येक गावातल्या गटाने उद्यापासून करण्यासारखी कामे आहेत. आपल्या नगरपालिकेची वाहन खरेदीची निविदा माहितीच्या अधिकारात मागवा. ती वाचायला कठीण वाटली तर चार जणी मिळून वाचा. ‘मदतनीस’ हा शब्द कुठे कुठे येतो त्याखाली रेघ मारा. सर्वसाधारण सभेच्या आधी नगरसेविकांना भेटा. आरक्षणाने पालिकेत गेलेल्या या बायकांना हा प्रश्न त्यांचा वाटेल असा मांडा. सफाईचे काम करणाऱ्या बायकांच्या संघटनांना आपल्या बैठकीला बोलवा, आणि त्यांच्या बैठकीला आपण जा. त्यांच्या वतीने बोलायला नको, त्यांच्या बाजूला उभे राहायला.

येत्या काही वर्षांत डिझेलच्या गाड्या एकेक करून भंगारात जातील आणि त्यांच्या जागी कोणाची गाडी उभी राहील हे आत्ता, या निविदांमध्ये, या ठरावांमध्ये ठरते आहे. एकदा करार झाला की पाच-दहा वर्षे तो उघडत नाही. म्हणून गाडी दारात येईपर्यंत थांबू नका. तुमच्या गावातली निविदा निघण्याआधी तिथे पोचा.